हात दहा मिनिटांत सुधारला, तरी आजच का निघायचं

तुमचा प्रश्न असा: वडील, वय ६४, डाळिंबाची बाग अजून स्वतः बघतात. काल सकाळी चहा पिताना उजव्या हातातून कप निसटला, तोंड जरा वाकडं वाटलं, बोलणं बोबडं झालं. दहा-बारा मिनिटांत सगळं होतं तसं. जवळच्या दवाखान्यात बीपी १७०/१०० निघालं, अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं आणि घरी सोडलं. आज अण्णा बागेत जायला निघालेत, आणि तुम्ही विचारताय की पक्षाघाताची पूर्वलक्षणं कोणती, म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल.

मी जिल्ह्याच्या गावी बावीस वर्षं मेंदूविकारांचीच प्रॅक्टिस करतोय. सविस्तर लिहितो, पण आधी एवढं ऐका: लक्ष कसलं ठेवताय, पूर्वलक्षण काल चहाच्या कपासोबत येऊन गेलं. गाडीची व्यवस्था करायला कुणाला तरी सांगा आणि मग पुढचं वाचा.

लोकांना लक्षणं माहीत नसतात असं मला आता वाटत नाही. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड हे शाळेतली पोरंही सांगतात. घोडं अडतं ते पुढे. लक्षण येतं, घर हादरतं, पाच-दहा मिनिटांत ते निघून जातं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग दवाखान्याचं नाव कोण काढणार? एक बाजू पूर्ण गेलेला माणूस आणला की मी घरच्यांना ठरलेला प्रश्न विचारतो, ‘याआधी कधी थोडंसं असं होऊन गेलं होतं का?’ बहुतेक जण नाही म्हणतात, आणि ते खरंही असतं. बरेचसे पक्षाघात कसलीही वर्दी न देता येतात. पण अधूनमधून मागे उभी असलेली सून हळूच बोलते, ‘गेल्या मंगळवारी भाकरी मोडता येईना म्हणाले होते. जेवण उरकेपर्यंत बरं वाटलं, म्हणून आम्ही काही बोललो नाही.’ त्या सुनेचा चेहरा मला बघवत नाही.

काल नेमकं काय झालं असावं? तुमच्याकडे ठिबक आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. नळीतून कचऱ्याचा एक कण येतो, ड्रिपरच्या तोंडाशी अडकतो, त्या झाडाचं पाणी थांबतं. दाबाने कण फुटतो किंवा पुढे सरकतो, आणि ड्रिपर पुन्हा चालू. झाडाला काही झालेलं नसतं. पण म्हणून तुम्ही फिल्टर बघायचं सोडता का? कण आला कुठून, हा प्रश्न उरतोच. अण्णांच्या बाबतीत तो कण गळ्यातल्या धमनीत साचलेल्या चरबीच्या थरावरून सुटलेला असेल, हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे आत बनलेली गुठळी असेल, नाहीतर मेंदूच्या आतली एखादी बारीक नळीच बीपीने खराब झालेली असेल. काल तो रस्ता मोकळा झाला. उद्या होईलच असं नाही.

मेंदूची नळी अशी थोडा वेळ अडून पुन्हा मोकळी होते, त्याला डॉक्टरी भाषेत टीआयए म्हणतात. आमच्याकडे लोक ‘माइल्ड अटॅक’ म्हणतात, आणि मला तो शब्द अजिबात आवडत नाही. ‘माइल्ड’ ऐकलं की माणूस औषधही माइल्डच घेतो. २००० साली कॅलिफोर्नियातल्या १,७०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. असा झटका येऊन गेलेल्यांपैकी दर शंभरात साधारण दहा जणांना पुढच्या तीन महिन्यांत खरा पक्षाघात झाला, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोनच दिवसांत. दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर नुसती भीती घातल्यासारखं होईल. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली पाहिलं गेलं की अशा रुग्णांना पुढची तारीख देऊन बोलावण्याऐवजी लगेच तपासून औषधं चालू केली, तर तीन महिन्यांतला तो धोका दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास येतो. नवं औषध कुठलंच नव्हतं. औषधं तीच, फक्त लवकर. अण्णांचे पहिले दोन दिवस अजून संपलेले नाहीत, म्हणून माझी घाई.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मी अण्णांना तपासलेलं नाही. काल झालं ते दुसरंही काही असू शकतं. मधुमेह असेल आणि गोळी घेऊन खाणं राहिलं असेल, तर शुगर उतरूनसुद्धा एक बाजू लुळी पडते. आषाढीच्या उपवासाला असे एक-दोन रुग्ण माझ्याकडे येतातच. साबुदाणा दुपारी, पण शुगरची गोळी मात्र नेमाने सकाळी सातला. अर्धशिशीतही हात बधिरतो, बोलणं अडखळतं. फिटनंतर काही वेळ हातात जोर नसतो. मग मी वेगळं कसं ओळखतो? दोन गोष्टींवरून. एक म्हणजे अचानकपणा: पक्षाघात घड्याळातली वेळ सांगता येईल असा येतो, ‘कप उचलला आणि सुटला’ असा. अर्धशिशीचा बधिरपणा बोटांतून हातात, हातातून ओठांकडे पंधरा-वीस मिनिटं सरकत जातो, आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमचम दिसते. दुसरी गोष्ट, पक्षाघातात काहीतरी वजा होतं. ताकद जाते, शब्द जातो, नजर जाते. फिटमध्ये आधी काहीतरी जास्तीचं येतं: झटके, आखडणं. अण्णांचं वर्णन अचानक आणि वजाबाकीचं आहे, वर बीपी वाढलेलं आहे. म्हणून दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी ते टीआयएच धरणार.

तोंड वाकडं झालं की बरेच जण विचारतात, ‘हा चेहऱ्याचा लकवा तर नाही ना, जो आपोआप बरा होतो?’ त्यात कपाळाच्या आठ्याही एका बाजूने जातात आणि त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. मेंदूच्या पक्षाघातात सहसा कपाळ शाबूत राहतं, ओठाचा कोपरा तेवढा ओघळतो. फरक माहीत असावा, पण त्यावरून घरी निकाल देऊ नये. हातही गेला होता म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला.

पुन्हा असं झालं, अण्णांना किंवा आणखी कुणाला, तर काय बघायचं? समोर बसवा आणि दात दाखवायला सांगा. नुसतं ‘हसा’ म्हटलं तर घाबरलेला माणूस हसत नाही. ओठाचा एक कोपरा मागे राहतो का बघा. मग दोन्ही हात समोर, तळवे आकाशाकडे, जसे तीर्थ घ्यायला पुढे करतो तसे, पण दोन्ही सुटे. डोळे मिटून दहा आकडे मोजेपर्यंत तसेच धरायला लावा. कमजोर हात हळूहळू खाली येतो आणि तळवा आतल्या बाजूला वळायला लागतो. डोळे मिटणं महत्त्वाचं. उघडे असले तर माणूस खाली जाणारा हात बघून सावरून घेतो. बोट दाबून बघण्यात फारसा अर्थ नाही. ‘माझं बोट दाबा’ म्हटल्यावर ज्यांनी कडकडून दाबलं, पण तोच हात दहा सेकंद वर राहिला नाही, असे कितीतरी पाहिलेत.

बोलणं तपासण्यात घरचे लोक हमखास फसतात. एका निवृत्त गुरुजींना मुलाने आणलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी. मुलगा म्हणाला, ‘बोलणं ठीक आहे सर, आम्ही तपासलं. सतराचा पाढा न अडखळता म्हणतात.’ म्हणालेही, माझ्यासमोर. मग मी टेबलावरची किल्ली दाखवली, ‘गुरुजी, हे काय?’ गुरुजींनी किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘ते आपलं... ते लावायचं... सतरा.’ पाढे, आकडे, विठ्ठल विठ्ठल, रामराम, आणि हो, शिव्यासुद्धा, हे सगळं घोटलेलं बोलणं असतं. भाषेचं केंद्र दुखावलं तरी ते पुष्कळदा शिल्लक राहतं. म्हणून देवाचं नाव घ्यायला लावू नका. किल्ली, घड्याळ, चष्मा दाखवून नाव विचारा, आणि खूण न करता नुसतं तोंडाने सांगा, ‘डाव्या हाताने उजवा कान धरा.’ शब्द सापडत नाहीत, भलतेच शब्द येतात किंवा सांगितलेलं कळत नाही, या तिन्हींचा अर्थ एकच. अशा माणसाला ‘बरळतोय, डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून मानसोपचाराकडे नेल्याचंही मी पाहिलंय.

चेहरा, हात, बोलणं या तिघांत पुष्कळसे पक्षाघात सापडतात. सगळे नाही. उरलेल्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथे डॉक्टरही चुकतात. मी चुकलोय.

माझी मावशी, तेव्हा ७१ वर्षांची. सकाळी फोन आला, ‘पहाटेपासून गरगरतंय रे, दोनदा उलटी झाली.’ आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालं होतं. मी ओपीडीच्या गडबडीत पित्ताची गोळी सांगितली आणि फोन ठेवला. संध्याकाळी मावसभावाचा फोन, ‘आईला उभंच राहता येत नाही, डावीकडे कलंडते.’ लहान मेंदूचा पक्षाघात होता. हातापायांत ताकद पूर्ण, तोंड सरळ, बोलणं स्वच्छ. वाचली, पण अजून चालताना भिंतीला हात लावते. त्या दिवसापासून चक्कर-उलटीचा फोन आला की मी एकच सांगतो: उठवून चार पावलं चालवून बघा आणि मला कळवा. चक्कर कितीही जोराची असली तरी कानाच्या दोषात माणूस धडपडत का होईना, बहुधा चालतो. जो आधाराशिवाय उभाच राहू शकत नाही, ज्याला एकाचे दोन दिसतात, घास गिळताना ठसका लागतो, त्याला पित्त म्हणून घरी ठेवायचं नाही. मानेचा एक्स-रे काढून ‘स्पॉन्डिलायटिस’वर भागवायचं तर नाहीच, साठीनंतर तो एक्स-रे बहुतेकांचा तसा दिसतोच.

उजव्या मेंदूचा पक्षाघात आणखी फसवा. यात डावी बाजू जाते आणि कधी कधी डावी बाजू नावाची गोष्ट जगात आहे हेच माणूस विसरतो. एक आजोबा जेवताना कुरकुर करत होते, ‘आज चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबू नाही, नुसती भाजी-आमटी काय वाढता?’ सगळं वाढलेलं होतं, ताटात डाव्या अंगाला, जिथे असतं तिथेच. सुनेला वाटलं, म्हातारपणाचा चिडचिडेपणा. रात्री आजोबा दाराच्या डाव्या चौकटीवर आदळले तेव्हा आणलं. विचारलं, ‘काय होतंय?’ म्हणाले, ‘मला काय धाड भरलीय?’ हा हट्ट नव्हता, हे त्या आजाराचंच लक्षण. म्हणून ‘मला काही झालेलं नाही’ या रुग्णाच्या शब्दावर विसंबू नका. बघणाऱ्याला दिसतंय ना, मग तेच खरं.

नजरेचंही तसंच. एका डोळ्यापुढे वरून पडदा सरकावा तसा अंधार आणि काही मिनिटांत पुन्हा लख्ख: हा डोळ्याचा नव्हे, बहुधा गळ्यातल्या धमनीचा निरोप असतो. लोक चष्म्याच्या दुकानात जातात. आणि डोकेदुखी: आयुष्यात कधी दुखलं नाही असं, कुणीतरी डोक्यात हातोडा घातल्यासारखं एका क्षणात दुखलं, उलटी झाली, मान आखडली, तर रक्तस्रावाची शंका घ्यायची.

बायकांबद्दल एक वेगळं सांगायचंय, ते अण्णांना लागू नाही, पण घरात उपयोगी पडेल. बाळंतीण बाई, किंवा गणपती-महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणारी बाई, दोन-तीन दिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, मग फिट किंवा एका हातात मुंग्या-कमजोरी अशी आली, तर मेंदूतल्या शिरेत गुठळी झालीय का हे बघावं लागतं. इथे अचानकपणाचा माझा वरचा नियम चालत नाही. बाळंतिणीला ‘वारं लागलं’ म्हणून कान बांधून अंधाऱ्या खोलीत ठेवतात, पाणी कमी देतात, आणि रक्त आणखी घट्ट होतं.

‘वारं’ निघालंच आहे तर थोडं विषयांतर. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, ‘अर्धांगवायू’ म्हणतात. शब्दातच वात असल्यामुळे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. बिघाड डोक्यातल्या नळीत आणि चोळतात पिंढरी. तेलाने पायाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते चोळण्यात गेलेल्या तासांचं. लकव्याचं औषध देणारं एखादं गाव प्रत्येक तालुक्याच्या आसपास असतंच. कुणी काढा देतं, कुणी कबुतराचं रक्त लावतं. तिथून बरे होऊन आलेले लोकही खोटं बोलत नाहीत. पक्षाघातानंतर काही जणांची ताकद पहिल्या दिवसा-आठवड्यांत आपोआप परत येते, औषध न घेता. श्रेय मात्र त्या दिवशी ज्याच्या दारात बसलेले असतात त्याला मिळतं.

घड्याळाबद्दल आता. मोठी नळी बंद झाली की मेंदूच्या पेशी दर मिनिटाला सुमारे १९ लाख मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पण साडेचार तास म्हणजे चार तास निवांत नव्हेत. पहिल्या तासात दिलेलं आणि चौथ्या तासात दिलेलं, फळ सारखं येत नाही. त्यातही सीटी स्कॅन, रक्ताचा तपास यात वेळ जातो, म्हणून निरोप मिळाल्यापासून निघेपर्यंतची मिनिटं वाचवायची.

आणि हे साडेचार तास मोजायचे कधीपासून? लक्षण दिसल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. एका शेतकऱ्याला सकाळी साडेसहाला आणलं. साडेपाचला उठवायला गेले तर उजवी बाजू लुळी. मुलगा म्हणाला, रात्री दहाला झोपले होते. दहापासून मोजलं तर वेळ संपली होती, मी मनातल्या मनात इंजेक्शनवर काट मारली. तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, ‘चारला उठले होते की. गोठ्यात वैरण टाकून आले, दाराची कडी लावली आणि परत झोपले.’ वैरण टाकून, कडी लावून आलेला माणूस म्हणजे हात चालू होता. घड्याळ दहावरून चारवर आलं. सीटीत रक्तस्राव नाही हे बघितलं आणि सव्वासातच्या आत इंजेक्शन गेलं. आज ते काठी घेऊन चालतात, गोठाही बघतात. म्हणून पेशंटसोबत नुसता गाडी चालवणारा माणूस पाठवू नका. रात्री उठ-बस ज्याने पाहिली तो माणूस गाडीत हवा.

वेळ उलटून गेली असली तरीही आणायचंच. मोठ्या नळीतली गुठळी जांघेतून तार घालून ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतसुद्धा. २०१८पासून त्याला भक्कम आधार आहे. ही सोय पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांत आहे, तालुक्याला नाही. म्हणून कुठे न्यायचं हे आधी ठरवणं परिस्थितीवर अवलंबून. आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा: सीटी रात्रीही चालू असतं का, पक्षाघाताचं इंजेक्शन तिथे देतात का, महात्मा फुले योजनेत रुग्णालय आहे का. १०८ ला फोन करायचाच, पण दारात जीप असेल आणि रुग्णवाहिका तासाभराने येणार असेल तर मी जीप धरीन. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणू नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

तोंडात काही घालू नका, हे मात्र कुठल्याही परिस्थितीत. पाणी नाही, साखर नाही, गोळी नाही. गिळण्याचे स्नायू गेलेले असले तर पाणी फुप्फुसात जातं. घरात ग्लुकोमीटर असेल तर शुगर बघा. ५०-६० अशी खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर साखर द्या, एवढाच त्याला अपवाद. डिस्प्रिन-इकोस्प्रिनबद्दल सगळे विचारतात, ‘हार्टला देतात, मग याला का नाही?’ कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून मलाही सांगता येत नाही. दोन्हींत तोंड वाकडंच होतं. रक्तस्राव असेल तर तीच गोळी तो वाढवते. सीटी होईपर्यंत थांबा.

बीपीचंही असंच. १९०/१०० बघितलं की कुणीतरी जिभेखाली गोळी ठेवतो. पुढची नळी चोंदली की शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचवायला पंपाचा दाब चढा लागतो. शरीरही तेच करत असतं. घाईघाईने दाब पाडलात तर जो भाग कडेकडेच्या नळ्यांवर कसाबसा तग धरून आहे तो सुकतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर आम्ही १८५/११०च्या खाली आणतो, एरवी गुठळीच्या पक्षाघातात सुरुवातीला बराच चढा दाबही सहन करतो. हा हिशोब रुग्णालयात करायचा, ओसरीवर नाही. अण्णांचं बीपी आज चढं असेल तर तेही तिथेच सांगा. घरात पडलेली शेजाऱ्याची गोळी देऊ नका.

कालच्या डॉक्टरांवर फार राग धरू नका. त्यांच्यासमोर अण्णा आले तेव्हा सगळं व्यवस्थित होतं, आणि व्यवस्थित दिसणाऱ्या माणसाला लांब पाठवलं की लोक त्यांनाच बोल लावतात. आपल्याकडे सलाईन लावलं नाही तर तपासल्यासारखंही वाटत नाही. पण त्या सलाईनने अण्णांचा धोका तसूभरही कमी झालेला नाही.

म्हणजे थोडक्यात, आज बागेत नाही, रुग्णालयात. तेही जिथे सीटी आहे, जमलं तर एमआरआय, आणि फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्ट आहे तिथे. तिथे शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, हृदयाची टूडी इको आणि गळ्यातल्या धमन्यांची सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफी होईल. सीटी नॉर्मल आला तर ‘काही नाही निघालं’ म्हणून परत फिरू नका. टीआयएमध्ये सीटी बहुधा नॉर्मलच येतो. त्याचा अर्थ रक्तस्राव नाही एवढाच. कण आला कुठून, हा शोध तिथून पुढे सुरू होतो. गळ्यातली धमनी खूप अरुंद निघाली तर ती साफ करण्याचं ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात. हृदयाचे ठोके अनियमित निघाले तर रक्त पातळ करणारं वेगळं औषध लागतं. यातलं काहीच नसलं तर बहुधा गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण तीन आठवडे आणि मग एक कायम, शिवाय कोलेस्टेरॉलची आणि बीपीची. त्या बरं वाटलं म्हणून थांबवायच्या नसतात. आणि अण्णा तंबाखू मळत असतील, तर ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांपासून लपवू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की अण्णा यायला तयार नाहीत. माझा अनुभव असा की बापाला मुलाने समजावलेलं पटत नाही, आणि पक्षाघाताची भीती घातली तर ते आणखी चिडतात. हात गेला तर बागेत छाटणी कोण करणार, एवढंच त्यांच्याशी बोलून बघा. नाहीतर त्यांच्या वयाचा, ज्याला हे झालंय असा कुणी गावात असेल तर त्याला बोलवा. माझ्या ओपीडीत डॉक्टरपेक्षा बाकावर शेजारी बसलेला पेशंट जास्त लोकांना पटवतो.

निघताना त्यांच्या चालू गोळ्यांची पिशवी, जुने रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्ड घ्या. कप किती वाजता निसटला आणि किती वाजता बोलणं सुधारलं ते आत्ताच कागदावर लिहून खिशात ठेवा. वाटेत पुन्हा हात सुटला किंवा बोलणं गेलं तर त्या कागदावर नवी वेळ लिहा, मधे कुठल्या छोट्या दवाखान्यात थांबू नका, आणि पुढे फोन करून सांगा की पक्षाघाताचा पेशंट येतोय, इतक्या वाजता सुरू झालंय, सीटी मोकळं ठेवा.